बोट लागणे

माझ्या नवऱ्याला बोट लागते. तो सोलापूरचा आहे, त्यामुळे याबाबतीत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये आम्ही दोघं आणि एक मित्र-जोडपं असे चौघं ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये शिडाची बोट भाड्याने घेऊन आठवडाभर हिंडलो. पहिले दोन दिवस हा मागच्या बाकावर क्षितिजाकडे टक लावून बसला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने मान वळवली आणि विचारलं, "खायला काय आहे?" त्या प्रश्नाने मला जो आनंद झाला, तो त्याने मला मागणी घातली तेव्हाही झाला नव्हता.

परतताना विमानतळावर चौघांनी ठरवलं, दर दोन वर्षांनी यायचं. त्याला सतरा वर्षं झाली. मधल्या काळात दोन मुलं झाली, घर झालं, बाबा गेले, ते मित्र-जोडपं वेगळं झालं. बोट राहिली.

यंदाच्या हिवाळ्यात बॉस्टनला बर्फ पडत असताना मुलगी तळघरात कसला तरी पुठ्ठा शोधत होती. तिला कोपऱ्यात एक नळकांडं सापडलं आणि त्यात त्या सफरीचा नकाशा. टॉर्टोला बेटाच्या दक्षिणेची सर फ्रान्सिस ड्रेक खाडी, तिच्या पलीकडे माळेसारखी बेटं: नॉर्मन, पीटर, सॉल्ट, कूपर, जिंजर. माझ्या हातच्या पेन्सिलच्या रेघा, वेळा, कॉफीच्या कपाचं वर्तुळ. एका ठिकाणी लिहिलंय, "वारा २५, शीड आखूड केलं, हा ठीक आहे." 'हा' कोण ते मुलीला सांगावं लागलं नाही.

"आई, तू बोट चालवायचीस?" तिने विचारलं. ती चौदा वर्षांची आहे, आणि तिच्या आवाजात आदर ऐकू येण्याचे प्रसंग हल्ली कमी. मी लगेच म्हटलं, "एप्रिलच्या सुट्टीत जाऊ या."

हे बोलणं सोपं होतं.

मी रत्नागिरीची. शाळेच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. तरी शीड हातात धरायला मला बॉस्टनला यावं लागलं, तेही समुद्रावर नाही, चार्ल्स नदीत. आमच्याकडे समुद्र कोळ्यांचा, खारव्यांचा आणि बंदर खात्याचा. बाकीच्यांनी संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर जाऊन वारा खायचा आणि भेळ खाऊन घरी यायचं. मजेसाठी होडीत बसणारा माणूस आमच्या आळीत वेडा ठरला असता. नदीत शिकून, मग बंदरात सराव करून, परीक्षा देऊन मी परवाने मिळवले, तेव्हा आईने फोनवर एवढंच विचारलं होतं, "पगार वाढतो का याने?"

तीच आई आता वर्षातले सहा महिने आमच्याकडे असते. वय ७३, गुडघे तिच्या मते ९०. तिला बोटीवर न्यायचं की बर्फात एकटं ठेवायचं, हा प्रश्नच नव्हता. ती येणार. पण त्यामुळे माझ्या डोक्यातली बोट बदलली. मला हवी होती एकाच सांगाड्याची, वाऱ्यात कलंडणारी, पाण्याला कान लावून पळणारी बोट. घरात मतदान झालं आणि मी चार विरुद्ध एक मतांनी हरले. दोन सांगाड्यांची कॅटामरान ठरली. ती कलत नाही, टेबलावरचा चहा टेबलावरच राहतो, स्वयंपाकघर डेकच्या पातळीवर असतं. आणि ती वाऱ्याच्या तोंडावर चालवणं म्हणजे म्हशीला शर्यतीत उतरवण्यासारखं आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आईने फोटो पाहिला. "ही तर उलांडीची होडी. फक्त उलांडीच्या जागी आणखी एक होडी लावलीय." उलांडी म्हणजे होडीला तोल राहावा म्हणून बाजूला बांधलेला ओंडका. तिला सांगितलं की कॅटामरान हा शब्द तमिळ 'कट्टुमरम'वरून आलाय, बांधलेली लाकडं. तिला अजिबात आश्चर्य वाटलं नाही. "मग त्यांच्याकडे कुठून असणार?" म्हणाली.

भाड्याचा आकडा मी इथे लिहीत नाही. आई हे वाचते.

कंपनीने माझा अनुभव लिहून मागितला. मी परवान्यांची नावं, नकाशावरच्या जुन्या नोंदी, सगळं पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर: 'शेवटची सफर २००९ दिसते, तरी पहिले दोन दिवस आमचा कप्तान सोबत घ्यावा, खर्च आपला.' मी जेवणाच्या टेबलावर अर्धा तास तणतणले. सायकल विसरतो का माणूस, वगैरे. नवऱ्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती त्याने लपवायला हवी होती.

आई भाकरी मोडत शांतपणे म्हणाली, "मोठ्या बोटी बंदरात येतात तेव्हा पायलट चढतोच ना? ती बोट हाकणाऱ्याला काय येत नसतं?"

दोन दिवसांचा कप्तान घेतला. (आकडा तोही लिहीत नाही.)

खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर होतं. सतरा वर्षांत मीच बदलले असं नाही, ते पाणीही बदललं. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा वादळ, पाचव्या श्रेणीचं, ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वाऱ्याचं, थेट या बेटांवरून गेलं. त्यानंतरचे उपग्रहातून काढलेले फोटो मी तेव्हा ऑफिसात पाहिले होते. हिरवी बेटं एका दिवसात तपकिरी झाली होती. झाडं उभी होती, पण पान म्हणून राहिलं नव्हतं. टॉर्टोलाच्या पाराक्विटा खाडीत, जिथे वादळाआधी बोटी आसऱ्याला नेऊन बांधतात, तिथे शेकडो बोटी गंजीत रचलेल्या काडेपेट्यांसारख्या एकमेकींवर चढल्या होत्या. आम्ही भाड्याने घेतलेली बोट त्यात होती का, हे मी बराच वेळ फोटो मोठा करकरून बघत बसले. इतकं कशाला, हे तेव्हाही कळलं नाही.

खाडीत कांदळवनाच्या आडोशाला बोटी नेणं, हे आमच्याकडेही तसंच. आमच्या सफरीच्याच वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, फयान वादळ कोकणावर आलं. मी इथून फोन लावत होते, लागत नव्हता. नंतर आई सांगत होती, जयगड खाडीत कोणाच्या होड्या वेळेत आत आल्या आणि कोणाच्या नाही. नावांनिशी.

म्हणून एप्रिल. वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर धरतात. डिसेंबर-जानेवारीत वाऱ्याला फार जोर, नाताळचे वारे म्हणतात त्यांना. शिवाय उत्तरेकडून अटलांटिकच्या लाटांचं उधाण येतं आणि उत्तरेला तोंड असलेले किनारे नांगर टाकण्याच्या लायकीचे राहत नाहीत. एप्रिलमध्ये वारा पूर्वेचा, पंधरा नॉटच्या आसपास, भरवशाचा. शाळेच्या सुट्टीचा आठवडा १८ एप्रिलला सुरू होतो. आईने कालनिर्णय काढलं आणि १९ ला अक्षय्य तृतीया निघाली. झालं, मुहूर्ताचा प्रश्न सुटला. माझे वाऱ्याचे तक्ते कुणी बघितलेही नाहीत.

आता आम्ही रोज रात्री जेवण झालं की नकाशा पसरून बसतो. फोनवर सगळे नकाशे आहेत, खोलीचे आकडे, प्रवाहांचे बाण, तरी हा कागदच लागतो, कारण त्यावर पाच जणांची डोकी एकदम वाकू शकतात. धाकटा अकरा वर्षांचा आहे, त्याच्याकडे खुणेच्या पिंपांचं खातं दिलंय. कारण तिथे एक गंमत आहे. बंदरात शिरताना आपल्या देशात लाल पिंप डाव्या हाताला ठेवायचं असतं, अमेरिका खंडात आणि कॅरिबियनमध्ये उजव्या हाताला. जगाचे असे दोन भाग पाडलेत. माझं सगळं शिक्षण इथलंच, त्यामुळे मला उजवाच ठाऊक. पण धाकट्याने आजीला रत्नागिरीचं विचारलं आणि आजीने फोन लावून तिच्या ओळखीच्या एका तांडेलाला विचारलं. तांडेल म्हणाला, "लाल-हिरवा कोण बघतो? खडक कुठाय ते ठाऊक आहे." हे उत्तर धाकट्याने वहीत जसंच्या तसं लिहून घेतलंय.

आईचे प्रश्न मला सुरुवातीला गमतीचे वाटले. "ओहोटी किती वाजता?" तिथे भरती-ओहोटीत जेमतेम वीतभर-हातभर फरक असतो, हे तिला पटेना. "म्हणजे समुद्र मागे जातच नाही?" नाही. "मग कालवं, तिसऱ्या काढणार कधी?" नंतर, "गोडं पाणी किती?" मी म्हटलं टाक्यांमध्ये सातशे-आठशे लिटर, पाच माणसं, सात दिवस. तिने मनातल्या मनात कळश्यांचा हिशेब केला आणि मुलीकडे पाहिलं. मुलगी आंघोळीला वीस मिनिटं घेते. "हिची शिकवणी आजपासून," असं म्हणून खरोखरच दुसऱ्या दिवशी तिने नातीला बादली आणि तांब्या दिला. बोटीवरच्या संडासाचा हातपंप, त्यात काय टाकायचं नाही, हेही झालं. ते सविस्तर सांगण्यासारखं नाही.

मुक्कामाच्या जागांचं मात्र मलाच शिकावं लागलं. बहुतेक खाड्यांत नांगर टाकण्याऐवजी तळाशी पक्क्या रोवलेल्या बोयाला बोट बांधतात, त्याने तळाचं प्रवाळ वाचतं. २००९ मध्ये दुपारी दोन-तीनला पोचलं की बोया मिळायचा, संध्याकाळी एक माणूस होडीतून पंचवीस-तीस डॉलर घ्यायला यायचा आणि गप्पा मारून जायचा. आता काही बोये ॲपवर असतात, सकाळी सातच्या ठोक्याला त्या दिवसापुरते बुक करायचे. नवरा म्हणाला, "हे माझ्यावर सोड." गणपतीत कोकण रेल्वेची तिकिटं काढण्याचा त्याचा विक्रम आमच्या माहेरी अजून सांगितला जातो. त्याचं बोटीवरचं काम ठरलं.

मासळीवरून मात्र भांडण झालं. आईचा बेत असा, की गळ टाकायचा आणि रोज ताजं कालवण. मी सांगितलं, परदेशी माणसाला तिथे मासेमारीचा परवाना लागतो. आणि दुसरं, तिथल्या प्रवाळातल्या मोठ्या माशांत, बॅराकुडासारख्या, सिग्वाटेरा नावाचं विष असू शकतं. प्रवाळावरच्या सूक्ष्म शेवाळात ते तयार होतं, छोट्या माशातून मोठ्या माशात साठत जातं, आणि त्याला वास नाही, चव नाही, शिजवून ते जात नाही. आई गप्प झाली. मासा कल्ला उघडून पारखण्यात तिचं आयुष्य गेलं. कल्ला लालबुंद, डोळा चकचकीत आणि तरी मासा वाईट, ही गोष्ट तिला समुद्राने केलेल्या फसवणुकीसारखी वाटली असावी. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि शेवंड?"

शेवंडीमुळेच, म्हणजे लॉब्स्टरमुळेच, अनेगाडा बेटाचा प्रश्न पुन्हा निघाला. बाकीची बेटं डोंगराळ, हे एकटं सपाट, प्रवाळाच्या चुनखडीचं, सर्वांत उंच जागा समुद्रापासून आठेक मीटर. स्पॅनिशमध्ये नावाचा अर्थच बुडालेली. दुरून नारळाची झाडं आधी दिसतात, जणू पाण्यातच उगवलीत, आणि बेट मागाहून. बेटाच्या आग्नेयेला पसरलेल्या हॉर्सशू खडकरांगेवर शेकडो जहाजं फुटली आहेत. व्हर्जिन गोर्डा बेटाच्या नॉर्थ साउंड खाडीतून उघड्या समुद्रावर तेरा-चौदा सागरी मैल. २००९ मध्ये आम्ही निघालो आणि दीड तासाने मी बोट वळवली. वारा वाढला होता, हा हिरवा पडला होता, पण खरं कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मला बेट दिसत नव्हतं आणि मला भीती वाटली. नकाशावर ती रेघ अर्ध्यातून परत फिरलेली आहे. मुलीने त्यावर बोट ठेवून विचारलं, "इथे काय झालं?" मी म्हटलं, "बाबाला बोट लागली." नवऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही. सतरा वर्षं तो हे स्वतःवर घेत आलाय आणि त्याला ठाऊक आहे.

या वेळी सकाळी लवकर निघायचं, म्हणजे ऊन डोक्यावर असताना पोचता येतं. पाण्याचा रंग वाचायला सूर्य वर आणि पाठीशी लागतो. गडद निळं म्हणजे खोल, फिकट पोपटी म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे खडक, तिकडे जायचं नाही. मुलगी पुढे उभी राहून रंग ओरडणार. शेवंड तिथली प्रसिद्धच आहे, किनाऱ्यावर निखाऱ्यांवर भाजून देतात. आईने भाजणी, मेतकूट, लसणीची चटणी आणि कोकमाच्या आगळाची बाटली यांच्यासोबत यादीत लिहिलंय: 'शेवंड – ५ (तिथे)'.

टॉर्टोलावरच्या रोड टाउन गावाच्या रोटीबद्दल मी मुलांना इतकं सांगितलंय की ती निराश होण्याची शक्यता आहे. मोठ्या पातळ पोळीत चणे, बटाटा आणि बकऱ्याचा रस्सा गुंडाळून देतात, नाव रोटीच. ३० मे १८४५ ला 'फतेल रझाक' नावाचं जहाज पहिल्या गिरमिटियांना, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांना, घेऊन त्रिनिदादला लागलं. तिथल्या उसाच्या मळ्यांतून ही रोटी बेटाबेटांवर पसरली. २००९ मध्ये मी खाल्ली आणि मसाला ओळखीचा असून नेमका कुठला ते सांगता येईना. गिरमिटियांच्या आधीची गोष्ट आणखी वाईट. टॉर्टोलाच्या डोंगरांवर ऊस होता तेव्हा आफ्रिकेतून आणलेली माणसं गुलाम म्हणून राबत होती. १ ऑगस्ट १८३४ ला गुलामगिरी संपली, आणि आजही तिथे ऑगस्टमध्ये तो सण असतो. भाड्याच्या बोटींच्या गुळगुळीत पुस्तिकेत समुद्री चाच्यांची पाचदहा पानं असतात, याची नसतात.

मुलांना चाच्यांपेक्षा सॉल्ट बेट आवडलंय. तिथे मिठाचे तलाव आहेत, आणि बेटाचा खंड म्हणून वर्षाला मिठाची एक पिशवी इंग्लंडच्या राणीला द्यायची अशी रीत होती. त्या बेटाच्या टोकाशी पाण्याखाली 'ऱ्होन' आहे. टपाल आणि उतारू नेणारी आगबोट. २९ ऑक्टोबर १८६७ च्या वादळात कप्तानाने उघड्या समुद्रात निसटायचा प्रयत्न केला, ती खडकावर आदळली, तापलेल्या बॉयलरवर गार पाणी आलं आणि स्फोट झाला. सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. आता तिच्यावर प्रवाळ वाढलंय आणि लोक पोहत बघायला जातात. मी हे रंगवून सांगत होते. आई उठून आत गेली.

नंतर माझ्या लक्षात आलं. कोकणातल्या तिच्या पिढीसमोर बुडालेल्या आगबोटीचं नाव काढायचं नसतं. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आईचा जन्म त्यानंतरचा, पण माझी आजी बोटीत चढताना दर वेळी रामदासच्या नावाने हात जोडायची, हे आईने पाहिलेलं. आणि तरी बोटीनेच जायचे. माझे आजोबा मुंबईत गिरणीत होते. मे महिन्यात आजी पोरांना घेऊन जयगडला बोटीत चढायची, डेकवर वळकटी टाकायची, रात्रभर प्रवास. पावसाळा लागला की बोटी बंद.

बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात थांबायची आणि उतारूंची पडावातून, म्हणजे लहान होडीतून, ने-आण करायचे. हे मला माहीत होतं, पण पुस्तकातलं माहीत होतं. परवा मी मुलांना लहान होडीतून मोठ्या बोटीवर कसं चढायचं ते दाखवत होते. सोफा म्हणजे बोट, पायपुसणं म्हणजे होडी. "लाट वर आली की पाय उचलायचा," मी सांगितलं.

"चूक," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

हात पुसत बाहेर आली. "वर येत असताना नाही. वर येऊन थांबते, तेव्हा. एक क्षण थांबते लाट. तेवढ्यात खलाशी हात देतो, तेवढ्यात जायचं. हातात काही धरायचं नाही. पोर असलं तरी आधी पोर द्यायचं, मग आपण." आणि ७३ वर्षांची माझी आई, गुडघे ९० वर्षांचे, पायपुसण्यावर उभी राहिली, थोडं वर झाली, थांबली, आणि सोफ्यावर गेली. हात न टेकवता.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला उगाच रडू आलं.

त्या रात्री तिने आणखी एक सांगितलं. इथे बॉस्टनला ध्रुव चुकीच्या जागी असतो, फार वर. डेकवर वळकटीत पडल्यापडल्या तिच्या वडिलांनी दाखवलेला ध्रुव खाली, डोंगरांच्या जरा वर असायचा. बरोबरच आहे, ध्रुव दिसतो अक्षांशाइतका वर, आणि बॉस्टन ४२ अंशांवर. मी टॉर्टोलाचा अक्षांश बघितला. साडेअठरा अंशांना थोडा कमी. म्हणजे मुरुड-जंजिऱ्याच्या जवळपास तोच, जिथून तिची बोट रात्री जायची. तिला सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि उशी झटकायला लागली.

काल कंपनीचा शेवटचा कागद आला. बोटीवरच्या प्रत्येकाचं नाव, वय, पासपोर्ट क्रमांक, पोहता येतं का, आजार, आधीचा अनुभव. मी माझा भरला. नवऱ्याच्या रकान्यात त्याने स्वतःच लिहिलं, 'बोट लागते.' मुलांपुढे 'नाही'. आईच्या रकान्याशी आल्यावर मीही 'नाही' लिहायला लागले.

"नाही काय?" ती चष्मा लावून मागे उभी होती. "जयगड–मुंबई, पाच वेळा जाऊन-येऊन. पडावासकट." मी लिहिलं. तिने वाचून पाहिलं.

"आणि लिही, मला कधी लागली नाही."